वजन वाढवताना: इंदूरमधलं माझं एक वर्ष

मार्च २०२४ च्या पहिल्या आठवड्यात विमा कंपनीचं पत्र आलं. घराचं कर्ज घेतलं तेव्हा आम्ही दोघांनी टर्म इन्शुरन्सचा अर्ज केला होता. नवऱ्याची पॉलिसी आठ-दहा दिवसांत हातात पडली. माझ्या पत्रात लिहिलं होतं की बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १५.८ असल्यामुळे प्रस्ताव सध्या पुढे ढकलला आहे, सहा महिन्यांनंतर नव्याने अर्ज करावा. भरलेला हप्ता खात्यात परत जमा झाला होता. बीपी नाही, शुगर नाही, तंबाखू नाही, आणि तरी नापास. आधी हसू आलं, मग दिवसभर चिडचिड झाली.

बारीक बाईचं दुखणं कुणाला दुखणं वाटत नाही. हळदीकुंकवाला गेलं की ‘तुझं बरंय गं, काहीही खा, अंगाला लागत नाही’, आणि तिथेच एखादी आत्या दंड चिमटीत धरून विचारते, ‘सासरी जेवायला घालतात ना?’ हे दोन्ही मी एकाच संध्याकाळी ऐकलेलं आहे. वजन कमी कसं करावं हे सांगणारे गल्लोगल्ली आहेत. वाढवायचं म्हटलं की लोक ‘केळी खा’ म्हणतात आणि विषय संपतो. म्हणून या वर्षात काय काय झालं ते खर्चासकट लिहून ठेवते.

पहिली गोष्ट उंचीची. विम्याच्या मेडिकलसाठी घरी आलेल्या मुलाने काट्यावर उभं केलं होतं, ४१.८ किलो लिहिलं आणि उंची मोजायची पट्टी त्याच्याकडे नव्हती म्हणून नुसतीच विचारली. मी आत रक्ताच्या नमुन्यासाठी बाही वर करत होते. नवऱ्याने बाहेरून सांगितलं, ‘पाच चार.’ ही माझ्या लग्नाच्या बायोडेटातली उंची! खरी पाच तीन, म्हणजे १६० सेंटिमीटर. बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, त्यामुळे एका इंचानेही फरक पडतो. खऱ्या उंचीने माझा आकडा १६.३ येतो. १८.५ च्या खाली सगळे अंडरवेटच, तेव्हा निकाल बदलला नसता, पण १६ च्या अलीकडे की पलीकडे याला डॉक्टरांच्या लेखी बराच अर्थ असतो हे पुढे कळलं. मेडिकल घरी असो की सेंटरवर, भिंतीला टेकून, चपला काढून उंची मोजून घ्या आणि लिहिलेला आकडा स्वतः वाचा.

सुदामा नगरात आमच्या घराजवळ एक मराठी डॉक्टरीणबाई बसतात, एमडी मेडिसिन. फी ७०० रुपये, पंधरा दिवसांच्या आत पुन्हा दाखवलं तर पैसे नाहीत. मला वाटलं होतं त्या टॉनिक लिहून देतील. त्यांनी पेन हातातही घेतलं नाही आणि वीस मिनिटं प्रश्न विचारले. वजन पहिल्यापासून असंच की उतरलंय? सर्वांत जास्त कधी होतं? दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम? पोट वरचेवर बिघडतं का? छाती धडधडते, हात थरथरतात? पाळी किती दिवसांनी येते? मग पेन उचलता उचलता, मान वर न करता: ‘वजन वाढायची भीती वाटते का गं? जेवल्यावर कधी मुद्दाम उलटी काढतेस?’ मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, ‘हे मी सगळ्यांना विचारते. कुणी हो म्हटलं तर तिची वाट वेगळी असते. तिला लाडू खाऊन उपयोग नाही, आधी मनाच्या डॉक्टरकडे पाठवावं लागतं.’

जुने आकडे बरोबर नेले ते कामी आले. २०१९ मधल्या एका रिपोर्टवर ४४ किलो होतं, त्यानंतर एका जुन्या चिठ्ठीवर ४३. म्हणजे पाच वर्षांत हळूहळू दोन किलो गेले होते. डॉक्टर म्हणाल्या, हेच पाच टक्के सहा महिन्यांत, कारण नसताना उतरले असते तर त्या जास्त घाबरल्या असत्या. आणि बीएमआय १६ च्या खूप खाली असता, किंवा बरेच दिवस पोटात काही गेलं नसतं, तर घरच्या घरी एकदम खाणं वाढवू दिलं नसतं. उपाशी शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपकन खाली येतं आणि हृदयावर बेतू शकतं. त्यासाठी देखरेख लागते. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मग तपासण्या लिहिल्या. हिमोग्लोबिन आणि सगळे रक्तकण, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि डी जीवनसत्त्व, थायरॉइड, तीन महिन्यांची साखर, लिव्हर, किडनी, शौच-लघवी, छातीचा एक्स-रे, आणि टीटीजी नावाची एक. ही शेवटची सिलिॲकसाठी, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर खराब होतं त्या आजारासाठी. आपल्याकडे माळव्यात दोन्ही वेळेला गहू पोटात जातो, तेव्हा हे बघून घ्यायलाच हवं असं त्यांचं म्हणणं. एक लक्षात ठेवा: ही टेस्ट करायच्या आधी गहू बंद करायचा नाही. बंद केला असेल तर आजार असूनही रिपोर्ट साफ येऊ शकतो. माझ्या नणंदेने मला आदल्याच महिन्यात ‘गहू सोडून बघ’ म्हटलं होतं, बरं झालं आळस केला.

रक्ताचे सगळे मिळून ४,१५० रुपये झाले, एक्स-रे ३५०. पॅकेज म्हणून घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं, पण पॅकेजमध्ये टीटीजी आणि फेरिटिन नव्हतं आणि नको त्या दहा गोष्टी होत्या. टीबीचा संशय असेल तर थुंकीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट होतात, आणि उपचारांच्या काळात खाण्यासाठी पैसेही खात्यात येतात. मला ती वेळ आली नाही. एक्स-रे साफ, थायरॉइड ठीक, साखर ठीक, टीटीजी निगेटिव्ह. हिमोग्लोबिन मात्र १०.४, फेरिटिन ९, बी-१२ १४८. लोह रिकामं, बी-१२ रिकामं. आम्ही अंडंसुद्धा न खाणारी माणसं, आणि दूध फक्त चहापुरतं, तेव्हा बी-१२ येणार कुठून?

‘आजार काही नाही. तुझं खाणं कमी आहे,’ डॉक्टर म्हणाल्या. मी वाद घातला. सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, अकरा वाजता भुट्ट्याचा कीस खाऊन वर दहीवडा खाणारी बाई कमी कशी खाते? त्यांनी एवढंच सांगितलं, ‘तीन दिवस जे तोंडात जाईल ते लिही. त्यातला एक दिवस गुरुवार असू दे.’ गुरुवारी माझा उपास असतो.

लिहिलं. सकाळी चहा. साडेआठला अर्धी प्लेट पोहे, कारण गाडी काढायची घाई. साडेदहाला विजय नगरच्या ऑफिसात चहा. दीडला डब्यातल्या दोन पोळ्या, भाजी. तीनला चहा, पाचला चहा. रात्री सगळ्यांची पानं झाल्यावर दीड पोळी आणि पातेल्याच्या तळाशी उरलेलं वरण. गुरुवारी दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि रात्री एक ग्लास ताक. सराफा दीड महिन्यातून एकदा. आपल्याला लक्षात राहतं ते सराफ्यातलं, रोजचं राहत नाही. माझं दिवसाचं खाणं सरासरी साडेतेराशे कॅलरी भरलं.

हा हिशेब आहारतज्ज्ञ मुलीने करून दिला. डॉक्टरांनीच पलासियाला तिच्याकडे पाठवलं होतं. पहिल्या भेटीचे १,२००, नंतर प्रत्येक वेळी ४००. तिने फोनवरच सांगितलं होतं, ‘मॅम, अपने घर की कटोरी और कड़छी साथ लाना.’ मी पिशवीतून वाटी काढली तेव्हा रिसेप्शनवरची मुलगी हसली. आहारतज्ज्ञ मुलीने मापाच्या ग्लासाने वाटीत पाणी ओतलं. ११० मिलि. तिच्या तक्त्यातली वाटी १५० ची. मग तिने वरण कसं करता ते विचारलं, आणि मी किती डाळीत किती पाणी ते सांगितल्यावर हिशेब मांडला: मी ज्याला एक वाटी वरण म्हणत होते त्यात डाळ जेमतेम दोन चमचे होती. बाकी फोडणीचं पाणी. घरी येऊन मी ताटात वरण ओतून पाहिलं. ताट जरा कललं तशी कडेला हळदीची पिवळी रेघ उमटली आणि मध्ये डाळीचे चार कण राहिले.

तिने जेवण दुप्पट करायला सांगितलं नाही. ते जमतही नाही, दोन दिवसांत पोट बंड करतं. आहे त्या घासात भर घालायची, असा तिचा मार्ग. एक ग्रॅम पीठ किंवा डाळीतून चार कॅलरी मिळतात, तूप-तेलाच्या ग्रॅममधून नऊ. म्हणून वरणभातावर तुपाचे दोन छोटे चमचे, म्हणजे नव्वद कॅलरी, आणि ताटातला ढीग तेवढाच दिसतो. भाजीत, कोशिंबिरीत, पोह्यांत शेंगदाण्याचा कूट. शेंगदाणे शंभर ग्रॅम घेतले तर साडेपाचशेच्या वर कॅलरी आणि पंचवीस ग्रॅम प्रोटीन, आणि इंदुरात खर्च बदामाच्या आसपासही नाही. वरण घट्ट. टोन्ड दुधाऐवजी सहा टक्के फॅटचं फुल क्रीम. पोह्यांची पूर्ण प्लेट, वर सेव आणि जिरावन मसाला खुशाल, पण सोबत दही किंवा दूध. जिलबी रोज नको म्हणाली. साखरेने वजन वाढतं पण रक्त काही भरत नाही.

चहाचं जरा अवघड गेलं. जेवणाला लागून घेतलेला चहा लोह शोषू देत नाही, म्हणून जेवणाच्या आगेमागे एक तास चहा बंद. उलट लिंबू लोहाला मदत करतं, ते मात्र पोह्यांवर, वरणावर हवं तेवढं. शिवाय चहाने भूक मरते. चार कपांचे दोन केले. पहिला आठवडा डोकं ठणकत होतं. पाणी जेवणाआधी घटाघट प्यायचं नाही, तेही नंतर.

आणि चार वाजताचा डबा. खजूर, शेंगदाणे, गूळ कुटून बांधलेले लाडू दोन. ऑफिसात चारला मीटिंग असते, तेव्हा डबा टेबलावर उघडा ठेवून खाते. आधी लाज वाटायची. रात्री दहाला एक ग्लास: पाव लिटर दूध, एक केळं, भाजलेल्या शेंगदाण्यांची मूठ, दोन चमचे दूध पावडर, गुळाचा खडा, मिक्सरमधून काढलेलं. पाचशेच्या वर कॅलरी, खर्च तीस-पस्तीस रुपये.

३० मार्चला रंगपंचमी होती, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला आम्ही सगळे गेलो, आणि त्या गर्दीत मी पर्समधून लाडू काढून खाल्ला. नवरा आजही ते सांगत असतो.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. पोट फुगलेलं, ढेकर, रात्री उजव्या कुशीवर झोपवेना. आहारतज्ज्ञ मुलीने दूध निम्मं केलं, दर चार दिवसांनी थोडं वाढवायला सांगितलं. वजन पहिल्याच पंधरवड्यात सातशे ग्रॅम वाढलं आणि मी मैत्रिणींना मेसेज केले. आहारतज्ज्ञ म्हणाली, यातलं बरंचसं पोटातलं अन्न आणि पाणी आहे, आत्ता पेढे वाटू नका. पुढे आठवड्याला दोनशे ते अडीचशे ग्रॅम, कधी शून्य. अकराशेचा डिजिटल काटा घेतला. सोमवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, त्याच कपड्यांत. रोज उभं राहायचं नाही. मीठ, पाळी, आदल्या रात्रीचं जेवण यांनी अर्धा-एक किलो इकडेतिकडे होतं आणि उगीच जीव टांगणीला लागतो.

बी-१२ ची इंजेक्शनं आमच्याच डॉक्टरीणबाईंच्या कंपाउंडरने दिली, मग गोळ्या. लोहाची गोळी रिकाम्या पोटी मळमळायची, म्हणून संत्र्याबरोबर घ्यायला सांगितली. शौच काळी होते, घाबरायचं नाही.

मे महिन्यात एका औषधाच्या दुकानात लोहाच्या गोळ्या घेताना काउंटरवरच्या माणसाने न विचारताच दोन पाकिटं पुढे सरकवली. ‘दीदी, ये पंद्रह दिन ले लो, गाल भर जाएँगे.’ मी फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. एक सायप्रोहेप्टाडिन, ॲलर्जीचं औषध, भूक वाढवतं पण झोपही आणतं. दुसरं डेक्सामेथासोन, स्टेरॉइड. त्याने गाल खरंच भरतात. पण ते शरीरात साठलेलं पाणी आणि चेहऱ्यावरची सूज असते. आतून साखर चढते, हाडं विरळ होतात, जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि महिनाभर घेऊन अचानक सोडलं तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायला विसरलेलं असतं, माणूस कोसळू शकतो. डॉक्टरांनी इतक्या कडक शब्दांत मला एकदाच झापलं आहे, आणि गोळ्या मी घेतल्याही नव्हत्या. लग्न ठरलेल्या बारीक मुलींना ही पाकिटं सर्रास दिली जातात, त्या म्हणाल्या. तुमच्या घरात कुणी घेत असेल तर परस्पर बंदही करू नका, आधी डॉक्टरकडे जा.

जूनमध्ये जिम. नुसतं खाल्लं तर वाढतं ते पोटावर, स्नायू वाढायला ओढाताण लागते, असं दोघींनी सांगितलं होतं. महिना १,२००, नोंदणीचे ५०० वेगळे. फॉर्मवर ‘किती किलो कमी करायचे आहेत’ असा रकाना होता. वाढवायचे असतील तर रकानाच नाही. मी त्यात अधिकचं चिन्ह काढून ६ लिहिलं. ट्रेनरने वाचलं आणि पहिल्याच दिवशी ट्रेडमिलवर चढवलं. तिथून उतरून मला डंबेल मागावे लागले. आठवड्यातून तीनदा, पाऊण तास: बैठका, डंबेलचे ओढण्याचे प्रकार, भिंतीला हात टेकून दंड, नंतर जमिनीवर. दोन किलोच्या डंबेलने सुरुवात, दिवाळीपर्यंत सहा.

त्याच ट्रेनरने मास गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा डबा सुचवला, २,८०० रुपये. डब्यावरचं लेबल आहारतज्ज्ञाला वाचून दाखवलं: शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन पंधरा, बाकी बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेचंच भावंड. त्याच वर्षी मे महिन्यात आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने काढलेल्या आहारविषयक सूचनांतही अंग भरण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी टाळा असं म्हटलं आहे. मला दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हवं होतं. दूध, दही, पन्नास ग्रॅम पनीर, दोन वेळचं घट्ट वरण, शेंगदाणे, अधूनमधून सोयाबीन असं धरलं की होतं. डब्याचे पैसे वाचले.

घरात खरी परीक्षा चातुर्मासाची. १७ जुलैला आषाढी आली. माझे गुरुवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी, सगळं धरून महिन्यात सात-आठ दिवस अर्धपोटी जायचे. डॉक्टरांनी उपास सोड असं म्हटलं नव्हतं, उपाशी राहू नकोस म्हटलं होतं. मला सासूबाईंना सांगायचं कसं हा प्रश्न. त्या देव्हाऱ्यापाशी वाती वळत होत्या. मी रिपोर्टपासून सुरुवात केली, त्यांनी ऐकून घेतलं, वात पूर्ण वळली आणि म्हणाल्या, ‘बरं, तुझे गुरुवार मी धरते. नाहीतरी मला एक वेळच जेवण जातं.’ एवढंच. एकादशीला मी शेंगदाण्याची आमटी, भगर, रताळ्याचा कीस, दूध असं पोटभर खाऊ लागले. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात कूट सढळ हाताने घातला तर काही अर्थ. शिवाय सासूबाईंनी आणखी एक केलं. रात्री माझं पान आधी वाढायला लागल्या. ‘उरलेलं मी बघते,’ म्हणाल्या. या बदलाचं कॅलरीत मोजमाप नाही, पण माझ्या मते निम्मं वजन त्याने वाढलं.

ऑगस्टमध्ये ताप आणि जुलाब. डेंग्यू नव्हता, व्हायरल. ४४.६ वरून ४३.१. पाच महिन्यांतलं निम्म्याहून जास्त एका आठवड्यात गेलं. काट्यावर उभी राहिले आणि रडले, लपवत नाही. डॉक्टर म्हणाल्या, यातलं बरंच पाणी आहे, परत येईल. आजारात मऊ भात, दही, केळं, ओआरएस, बरं वाटल्यावर दोन-तीन आठवडे एक वेळचं खाणं जास्तीचं. आलंही परत, सप्टेंबर संपायच्या आत. मध्ये ७ तारखेला गणपती, उकडीचे मोदक तुपात बुडवून, मग अनंत चतुर्दशीला रात्रभर गिरण्यांच्या झाँक्या (चित्ररथ) बघताना कचोरी, मग पितृपक्षातली खीर. सणवार माझ्या बाजूने होते. नवरात्रात नऊ दिवस उपास धरायचे सोडून नऊ दिवस लाडू खाल्ले, आणि पाळी, जी चाळीस-पंचेचाळीस दिवसांवर गेली होती, ती ऑक्टोबरपासून तिशी-बत्तिशीत आली.

दिवाळीला ४५.७. लग्नातले ब्लाउज दंडात अडकले. राजवाड्याजवळच्या आमच्या शिंप्याने आतली माया उसवून एकेक इंच सैल केले, एका ब्लाउजचे ६० रुपये. ‘खाते-पीते घर की लग रही हो अब,’ असंही म्हणाला. याला मी आधी रागावले असते.

जानेवारीत आकडा ४६.५ वर चिकटून बसला. चार आठवडे हलेना. याचंही कारण साधं असतं. शरीर वाढलं की त्याचा रोजचा खर्चही वाढतो, तेवढ्याच खाण्यात ते वाढायचं थांबतं. सकाळी दोनशे कॅलरींची भर घातली, थालीपीठ आणि लोण्याचा गोळा. फेब्रुवारी २०२५ मध्ये ४७.६, बीएमआय १८.६. महिन्याचा वरचा खर्च काढला तर दूध, पनीर, शेंगदाणे, खजूर, तूप मिळून साधारण अठराशे-दोन हजार पडत होता.

विम्याचा नवा अर्ज त्याच महिन्यात. फॉर्ममध्ये ‘यापूर्वी कोणत्या कंपनीने प्रस्ताव नाकारला किंवा पुढे ढकलला आहे का’ असा प्रश्न असतो. एजंट म्हणाला नाही लिहा, दुसऱ्या कंपनीला कुठे कळतंय. मी हो लिहिलं आणि जुन्या पत्राची प्रत जोडली. लपवलेली माहिती उद्या क्लेमच्या वेळी निघाली तर ज्यांच्यासाठी विमा काढला त्यांनाच फिरावं लागतं. सोबत डॉक्टरांचं पत्र, वर्षभरातल्या वजनाच्या नोंदी त्यांच्या सही-शिक्क्यासह, दोन्ही वेळचे रिपोर्ट, एक्स-रेचा कागद. मेडिकल या वेळी सेंटरवर जाऊन दिलं. उंची मोजताना मी पट्टीकडे बघत होते. १६०. आठवड्याने अंडररायटरचा, म्हणजे कंपनीत अर्ज तपासणाऱ्याचा फोन आला, वजन जाणूनबुजून वाढवलं का, औषधं कोणती चालू आहेत, सगळं विचारलं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पॉलिसी आली. हप्ता आधीच्यापेक्षा थोडा जास्त, एक वर्षाने वय वाढलं त्याचाही त्यात वाटा.

एप्रिलमध्ये ऑफिसात रक्तदान शिबिर होतं. आपल्याकडे साडेतीनशे मिलि द्यायला किमान ४५ किलो लागतात, आधी मी त्या रांगेत कधी उभीच राहिले नव्हते. काट्यावर ४८ आले, मुलीने टिक केलं, बोटाला सुई टोचली आणि मान हलवली. हिमोग्लोबिन १२.१, लागतं १२.५. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाल्या, ‘जूनमध्ये आकडा बरा आला म्हणून लोहाच्या गोळ्या सोडल्यास ना? साठा भरायला त्यानंतर तीन महिने घ्यायच्या असतात, चिठ्ठीवर लिहिलंय बघ.’ लिहिलं होतं. शिबिरातला बिस्किटाचा पुडा मात्र मला तसाच मिळाला, आणि चार वाजलेच होते.